दोघेही ‘ओ’ गटाचे आणि मूल ‘बी’ गटाचे: एका जनुकाआड दडलेले दुसरे जनुक

रंकाळाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचे प्रकरण सुरू झाले की एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी येतो, आणि तो भर वर्गात न येता तास संपल्यावर येतो: आई आणि वडील या दोघांच्याही कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असताना मुलाचा गट ‘बी’ कसा असू शकतो? पाठ्यपुस्तकातील तक्ता पाहिला तर ‘असू शकत नाही’ असेच उत्तर निघते, आणि त्या उत्तराचा घरात काय अर्थ लावला जातो हे येथे कोणाला वेगळे सांगायला नको. तो तक्ता चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रक्तगट हे एकाच जनुकाचे काम आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे.

ए, बी, ओ ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. ते स्वतः ‘ए’ किंवा ‘बी’ हा प्रतिजन, म्हणजे पेशीवरची ओळखखूण, बनवत नाही. ते एक विकर (एन्झाइम) बनवते, आणि ते विकर तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आधीपासून असलेल्या ‘एच’ नावाच्या शर्करा-साखळीला आणखी एक शर्करा जोडते. ‘बी’चे विकर गॅलॅक्टोज जोडते, ‘ए’चे विकर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसअमाइन जोडते, आणि ‘ओ’ रूपाचे विकर निकामी असल्यामुळे ‘एच’ साखळी आहे तशीच राहते. आता ही ‘एच’ साखळी कोण पूर्ण करते? एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एफयूटी१ हे सर्वस्वी वेगळे जनुक; त्यालाच ‘एच’ जनुक म्हणू. ज्या व्यक्तीला या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळाल्या, तिच्या पेशींवर ‘एच’ तयारच होत नाही; मग नवव्या गुणसूत्रावर ‘बी’चे जनुक धडधाकट असले तरी त्याच्या विकराला शर्करा जोडायला जागा मिळत नाही. खुंटीच नसेल तर अंगरखा टांगणार कशावर? अशा व्यक्तीचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’सारखे दिसते.

हा प्रकार १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत प्रथम नोंदवला, आणि त्यामुळे जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. एका जनुकाने दुसऱ्या, वेगळ्या जागेवरच्या जनुकाचा परिणाम झाकण्याच्या या प्रकाराला एपिस्टॅसिस म्हणतात.

आता तेच घर पुन्हा पाहू. आईच्या ‘एच’ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, पण तिच्याकडे ‘बी’चे जनुक आहे, तिच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले आहे. वडील खरोखरीचे ‘ओ’ आहेत आणि त्यांचे ‘एच’ जनुक चांगले आहे. बाळाला आईकडून ‘बी’ आणि वडिलांकडून कार्यक्षम ‘एच’ मिळाले की बाळ ‘बी’ गटाचे होते. आईत जे झाकलेले होते ते मुलात उघड झाले, एवढेच.

सूक्ष्मदर्शी

ताई, विषय नेमका मांडला आहे. मी अनेक वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे प्रत्यक्ष तपासणीच्या बाजूने काही सांगतो.

रक्तगट दोन बाजूंनी तपासला जातो. पहिल्या तपासणीत रुग्णाच्या पेशींवर ‘ए’विरोधी आणि ‘बी’विरोधी द्रव घालून गुठळ्या होतात का ते पाहतात, येथे बॉम्बे गटाची व्यक्ती हुबेहूब ‘ओ’ दिसते. दुसऱ्या, म्हणजे उलट तपासणीत रुग्णाचा रक्तद्रव माहीत असलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ पेशींबरोबर मिसळतात. याच वेळी ‘ओ’ पेशींचीही एक नळी ठेवली, तर भेद तेथेच कळतो: खऱ्या ‘ओ’ व्यक्तीचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींना काही करत नाही, बॉम्बे गटाच्या व्यक्तीचा रक्तद्रव मात्र त्यांच्या ठळक गुठळ्या करतो, कारण तिच्या शरीरात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात आणि ‘ओ’ पेशींवर ‘एच’ सर्वांत जास्त असतो. खात्रीसाठी युलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेले लेक्टिन वापरतात. ते ‘एच’ असलेल्या पेशींना चिकटते आणि बॉम्बे गटाच्या पेशींना चिकटत नाही.

ज्या ठिकाणी ‘ओ’ पेशींची नळी ठेवली जात नाही, तेथे ही व्यक्ती आयुष्यभर ‘ओ’ म्हणून वावरते, आणि रक्त चढवण्याची वेळ आल्यावर ‘ओ’ची एकामागून एक पिशवी जुळत नाही तेव्हा धावपळ सुरू होते. या व्यक्तीला ‘ओ’ रक्त दिले तर पेशी फुटून जीवावर बेतू शकते. तिला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

जुना_राजारामीयन

लेख वाचला आणि पटला. तरीही एक आक्षेप नोंदवतो. भारतात हा गट साधारण १०,००० जणांत एकाचा असल्याचे सांगितले जाते. उलट कार्डावरील नोंदच चुकीची असण्याचे प्रसंग त्याहून पुष्कळ अधिक असतात: शिबिरातील घाईतली तपासणी, नावांची अदलाबदल, जुन्या शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेला गट. मग अशा कुटुंबाला थेट बॉम्बे गटाची कथा सांगणे कितपत योग्य? त्यामुळे लोकांचे लक्ष साध्या कारणाकडून दुर्मीळ कारणाकडे जाईल.

रंकाळाकाठ

सर, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि क्रमही तोच असावा: आधी तिघांचीही दोन्ही बाजूंनी फेरतपासणी, त्यानंतर ‘एच’ची तपासणी, आणि त्यापुढे गरज पडली तर डीएनए चाचणी. मला विरोध आहे तो कार्डावरच्या दोन अक्षरांवरून थेट बाईच्या चारित्र्याचा निकाल लावण्याला. रक्तगटाचा तक्ता पितृत्वाचा पुरावा म्हणून वापरता येतो असे ज्या विद्यार्थ्यांना आपण नकळत शिकवतो, त्यांना त्या तक्त्याला कोणत्या अटी लागू आहेत हेही त्याच तासाला शिकवले पाहिजे.

शाहूपुरी_वकील

या संदर्भात कायद्याची बाजू थोडक्यात. विवाह कायम असताना जन्मलेले मूल हे त्या पतीचेच औरस मूल मानण्याचे गृहीतक पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११६ मध्ये आहे. रक्ततपासणीचा आदेश केवळ कोणी मागितला म्हणून देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गौतम कुंडू खटल्यात सांगितले आहे. वर दिलेली वैज्ञानिक माहिती वाचल्यावर त्या सावधगिरीमागचे एक कारण अधिक स्पष्ट होते.

बारावी_विज्ञान

मॅडम, एक शंका आहे. प्रभावी जनुक अप्रभावी जनुकाला झाकते असे आम्ही शिकलो आहोत. मग हा प्रकार त्याहून वेगळा कसा? दोन्हीकडे झाकणेच आहे.

रंकाळाकाठ

प्रश्न चांगला आहे, आणि परीक्षेत याच ठिकाणी गुण जातात. प्रभावी-अप्रभावी हे नाते एकाच जागेवरच्या दोन रूपांमधले असते: एक प्रत आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. ‘बी’ आणि ‘ओ’ एकत्र आले तर ‘बी’ दिसतो, हे त्याचे उदाहरण. एपिस्टॅसिसमध्ये झाकणारे आणि झाकले जाणारे जनुक दोन निरनिराळ्या जागी असतात, बहुधा निरनिराळ्या गुणसूत्रांवरही. तेथे ‘एच’च्या दोन अप्रभावी प्रती मिळून ‘बी’सारख्या प्रभावी जनुकाला झाकू शकतात, म्हणून अप्रभावी म्हणजे दुबळे असा समज करून घेऊ नये.

गणिताने पाहायचे असेल तर असे आई-वडील घ्या ज्यांचा गट एबी आहे आणि ज्यांच्याकडे ‘एच’ची एक प्रत चांगली व एक निकामी आहे. ‘एच’ नीट असता तर मुलांत ए, एबी, बी यांचे प्रमाण १:२:१ आले असते आणि ‘ओ’ कधीच आला नसता. ‘एच’चा हिशेब धरला की १६ भागांपैकी ३ ए, ६ एबी, ३ बी आणि ४ ‘ओ’सारखे दिसणारे, असे प्रमाण येते. त्या चौघांमध्येही ए, बी किंवा दोन्हींची जनुके आहेतच. मेंडेलच्या ९:३:३:१ या प्रमाणाचे नियम येथे मोडलेले नाहीत. जनुके त्याच नियमाने वाटली गेली, फक्त दिसणाऱ्या गटांची बेरीज वेगळी झाली.

कागलकर_कुक्कुटपालन

ताई, शेतकऱ्याचा प्रश्न आहे, विषयाशी जुळतो असे वाटल्याने विचारतो. मी पांढरा लेगहॉर्न कोंबडा दुसऱ्या एका पांढऱ्या जातीच्या कोंबड्यांवर सोडला होता. पहिली पिढी पांढरी निघाली. काही पक्ष्यांवर काळे ठिपके तेवढे होते. त्या पिढीतल्या नर-मादींची आपसांत पैदास केली तेव्हा मात्र काही पिल्ले स्वच्छ रंगीत निघाली. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की गावातला कोंबडा शिरला असणार. माझे खुराडे पूर्ण बंदिस्त आहे. आजी-आजोबा सगळे पांढरे असताना रंग आला कोठून?

रंकाळाकाठ

दादा, आपण दिलेले वर्णन एपिस्टॅसिसच्या एका प्रसिद्ध उदाहरणाशी तंतोतंत जुळते. पांढरेपणा दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतो. लेगहॉर्नमध्ये एक प्रभावी जनुक असते जे पिसांतला रंग दाबून टाकते. त्या पक्ष्याकडे रंग तयार करण्याची क्षमता असते, पण ती दिसू दिली जात नाही. दुसऱ्या काही पांढऱ्या जातींमध्ये, उदाहरणार्थ पांढऱ्या वायनडॉटमध्ये, दाबणारे जनुक नसते. तेथे रंग तयार करणारे जनुकच दोन्ही प्रतींत बिघडलेले असते. आपली दुसरी जात या प्रकारची असावी.

या दोहोंच्या पहिल्या पिढीला लेगहॉर्नकडून दाबणारे जनुक मिळते, म्हणून ती पांढरी दिसते; एकच प्रत असल्यामुळे दाब अपुरा पडतो आणि काळे ठिपके उमटतात. दुसऱ्या पिढीत काही पिल्लांना दाबणारे जनुक अजिबात मिळत नाही आणि रंगाचे चांगले जनुक मात्र मिळते. त्यांचे प्रमाण १६ मध्ये ३ असते; उरलेली १३ पांढरी. बाहेरचा कोंबडा आला असे मानण्याची काहीच गरज नाही. रंगीत पिल्ले आपसांत लावली तर त्यांच्यापासून लेगहॉर्नसारखी पांढरी संतती येणार नाही, कारण दाबणारे जनुक त्यांच्यात उरलेलेच नाही. क्वचित पांढरे पिल्लू निघाले तर ते दुसऱ्या प्रकारचे असेल.

कोंबड्यांचा विषय निघालाच आहे तर तुऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या शास्त्राची सुरुवातच तेथून झाली. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये गुलाब-तुऱ्याच्या पक्ष्याचा वाटाणा-तुऱ्याच्या पक्ष्याशी संकर केला, आणि सर्व पिल्लांना आई-बापांपैकी कोणाचाच नसलेला, अक्रोडासारखा तुरा आला. त्यांच्या पुढच्या पिढीत अक्रोड, गुलाब, वाटाणा आणि साधा एकेरी अशा चारही प्रकारांचे तुरे ९:३:३:१ या प्रमाणात मिळाले. येथे कोणी कोणाला झाकत नाही; दोन जनुके एकत्र येऊन तिसरेच रूप घडवतात. याच मंडळींनी गोड वाटाण्याच्या दोन पांढऱ्या फुलांच्या वाणांचा संकर केला तेव्हा सगळी फुले जांभळी आली, आणि पुढच्या पिढीत ९ जांभळी, ७ पांढरी. जांभळा रंग घडायला दोन जनुके लागत होती आणि प्रत्येक वाणात एकेक बिघडलेले होते. संकरात दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली.

दुधाळी_०७

आपल्या शेवटच्या वाक्याने मला आमच्याच घरातली गोष्ट समजली, म्हणून लिहिते आहे. माझा मामेभाऊ जन्मतः बहिरा आहे आणि वहिनीही जन्मतः बहिऱ्या आहेत. दोघांची ओळख मूकबधिरांच्या वधू-वर मेळाव्यात झाली. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकच चिंता होती, आणि आज त्यांच्या दोन्ही मुलींना उत्तम ऐकू येते. नातेवाइकांनी याला अंबाबाईची कृपा म्हटले, आणि माझीही श्रद्धा आहे. पण कारण काय असावे हे मला नेहमी जाणून घ्यायचे होते. गोड वाटाण्यासारखेच का?

रंकाळाकाठ

होय, अगदी तसेच असू शकते. ऐकू येण्यासाठी कानाच्या अंतर्भागात पुष्कळ जनुकांचे काम बिनचूक व्हावे लागते, आणि त्यांपैकी कोणत्याही एकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरी जन्मजात बहिरेपणा येऊ शकतो. सर्वांत अधिक वेळा सापडणारे जनुक म्हणजे जीजेबी२. पती-पत्नी दोघांतही हेच जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेले असेल, तर सर्व मुले बहिरी जन्मतील. पतीत एक आणि पत्नीत दुसरेच जनुक बिघडलेले असेल, तर प्रत्येक मुलाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळते आणि सर्व मुलांना ऐकू येते. बहिरेपणा आनुवंशिक नसून गर्भारपणातील जंतुसंसर्गामुळे आलेला असणेही शक्य असते, म्हणून नेमके उत्तर जनुक-तपासणीनेच मिळेल. आपल्या भाच्या मोठ्या होऊन लग्नाचा विचार करतील तेव्हा ही तपासणी उपयोगी ठरेल, कारण बहिरेपणा आनुवंशिक असेल तर त्या स्वतः वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या, असणार. विशेषतः लग्न नात्यात ठरत असेल तर ती अवश्य करावी.

लॅब्राडॉरप्रेमी_कळंबा

कुत्रे पाळणाऱ्यांसाठी एक भर घालतो. लॅब्राडॉरमध्ये एक जनुक रंग काळा की तपकिरी हे ठरवते आणि दुसरे जनुक तो रंग केसात उतरू द्यायचा की नाही हे ठरवते. दुसऱ्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की कुत्रा पिवळा होतो, मग पहिले जनुक काही का असेना. त्यामुळे दोन काळ्या कुत्र्यांना पिवळी पिल्ले होऊ शकतात, आणि पिवळ्या जोडीला काळे पिल्लू होत नाही.

यात मला फार विलक्षण वाटणारी बाब अशी की झाकलेले जनुक नाकावर उघडे पडते. पिवळ्या कुत्र्याचे नाक, ओठ आणि पापण्यांच्या कडा काळ्या असतील तर त्याच्यात काळ्याचे जनुक आहे. त्या तपकिरी असतील तर तपकिरीचे. वयानुसार आणि थंडीत नाकाचा काळेपणा फिका पडतो, म्हणून पापण्यांच्या कडा पाहणे अधिक खात्रीचे. दोन्ही जनुकांच्या मिश्र जोडीत ९ काळी, ३ तपकिरी आणि ४ पिवळी हे प्रमाण येते, आणि त्या चार पिवळ्यांत तीन काळ्या नाकाची व एक तपकिरी नाकाचे असते.

ऊस_आणि_गूळ

हे सगळे वाचताना मला आमच्या उसाचा विचार आला. को ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निवडलेला आहे. आम्ही तो बेण्याने लावतो, बियाण्याने कधीच नाही. जनुकांचे हे आपापसातले मेळ जर एवढे महत्त्वाचे असतील, तर बेण्याने लावण्याचा याच्याशी संबंध असावा असे वाटते.

रंकाळाकाठ

काका, संबंध आहे आणि फार खोलवरचा आहे. आजच्या उसात १०० हून अधिक गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात. शिवाय उतारा, जाडी, खोडव्याची फूट यांसारखे गुण असंख्य जनुकांनी मिळून ठरतात. काही जनुके एकेकटी साधारण असतात आणि विशिष्ट सोबत मिळाली की उत्तम काम करतात. तुऱ्यातून बी धरले की ही सोबत प्रत्येक रोपात नव्याने फिसकटते, म्हणून एकाच जोडीच्या संकरातून आलेली रोपे एकमेकांसारखी नसतात आणि पैदासकारांना हजारो रोपांतून निवड करावी लागते. एकदा उत्तम मेळ सापडला की डोळ्यापासून फुटलेल्या प्रत्येक कोंबात तो जसाच्या तसा उतरतो. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आणि शिरोळच्या काळ्या रानात तोच मेळ उभा आहे.

बालरोग_आजरा

वैद्यकीय बाजूने मला एक वेगळा पैलू महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे पूर्ण झाकण्याची होती. आम्हाला दवाखान्यात दिसते ते अधिक करून सौम्य किंवा तीव्र करणे. थॅलेसेमियात दोन सख्ख्या भावंडांत बीटा-ग्लोबिनचा तोच बिघाड असूनही एकाला दर महिन्याला रक्त लागते आणि दुसऱ्याचे कमी रक्तावर भागते. हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा साखळ्या जोडीने लागतात. बीटा कमी पडली की उरलेली अल्फा पेशीला इजा करते. एखाद्या मुलाला सोळाव्या गुणसूत्रावरील अल्फाचाही दोष मिळाला असेल, तर उरणारी अल्फाच कमी होते आणि आजार हलका होतो. दोन दोषांनी मिळून एकाहून कमी नुकसान केले, हे पालकांना समजावताना मी कागदावर चित्र काढतो.

दुसरे जनुक म्हणजे दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए. जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बंद करण्याचे काम ते करते. ज्यांच्यात ते थोडे कमी काम करते, त्यांचे गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकते आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेल सौम्य राहतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेवी या उपचारात रुग्णाच्याच मूळ पेशींमध्ये बीसीएल११एचा रक्तपेशींपुरता नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी करतात. सिकलसेलचे मूळ बिघडलेले जनुक तसेच राहते. बदल केला जातो तो गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या दुसऱ्या जनुकात. आपल्या राज्यात विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि हा उपचार अतिशय महाग आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचावा यासाठी आवाज उठवणे मला डॉक्टर म्हणून कर्तव्य वाटते.

जुना_राजारामीयन

एक शेवटची विचारणा. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. बॉम्बे गटाच्या बाबतीत त्याने कितीसा फरक पडतो?

रंकाळाकाठ

हिशेबापुरता १०,००० मध्ये १ हाच अंदाज धरू. मग निकामी ‘एच’ जनुकाचा वाटा सुमारे १०० मध्ये १ येतो. मामे-आते भावंडांच्या मुलाला एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन सारख्या प्रती मिळण्याची शक्यता १/१६ असते. हे दोन्ही जोडले की अशा मुलात बॉम्बे गट येण्याची शक्यता सुमारे १,४०० मध्ये १ होते, म्हणजे जवळजवळ सातपट. बहिरेपणा किंवा थॅलेसेमियासारख्या अप्रभावी दोषांनाही हेच गणित लागू पडते, आणि तेथे परिणाम गंभीर असतात.

सूक्ष्मदर्शी

याच गणिताची दुसरी बाजू रक्ताच्या शोधात उपयोगी पडते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून बॉम्बे गट सापडला की सर्व भावंडांना तपासणीस बोलवावे. बाहेर शोधत बसण्यापेक्षा रक्तदाता घरातच सापडण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. अशा व्यक्तीच्या कार्डावर नुसते ‘ओ’ कधीही लिहू नये. ‘बॉम्बे’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, ते कार्ड पाकिटात ठेवावे, आणि ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर रक्तपेढीला काही आठवडे आधी कळवावे, म्हणजे प्रकृती साथ देत असल्यास रुग्णाचेच रक्त आधी काढून साठवता येते.